पोटात पाय

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. आश्विन महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते, लाठामंडप उभा राहतो आणि दूरदूरच्या माणसांनी गाव भरून जाते. आषाढात मात्र बाहेरचे कोणी तिकडे फारसे फिरकत नाही. येतो तो पाऊस. आणि पावसापाठोपाठ, कोणी न बोलावता, जुन्या भिंतींवर गोगलगायी येतात.

त्या कोठून येतात कोण जाणे! आदल्या दिवशीपर्यंत कोरडी ठणठणीत असलेली भिंत एका रात्रीच्या पावसाने काळवंडते, वाळून गेलेल्या शेवाळ्याला पुन्हा हिरवा रंग चढतो, आणि सकाळी पाहावे तो दगडांच्या सांध्यांतून चिंचोक्याएवढे, बोराएवढे तांबूस शंख पाठीवर घेऊन ही मंडळी वर चढू लागलेली असतात. त्यांच्या मागे चांदीच्या तारेसारखी एक चकचकीत रेघ उमटत जाते. कोणालाही घाई नसते. भिंतीच्या टोकाशी पोहोचून त्यांना काय साधावयाचे असते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

२०२२ सालच्या आषाढात अशाच एका भिंतीपाशी सातवीत शिकणारी एक मुलगी रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी थोडा वेळ उभी राहत असे. ती स्वभावाने संथ होती. चालण्यात संथ, जेवण्यात संथ, आणि बोलण्यात तर फारच संथ. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर तिला ठाऊक असे. परंतु ते मनातून ओठांपर्यंत येण्यास वेळ लागे, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरेच कोणी ते सांगून मोकळे होई. एके दिवशी फळ्यावर गणित सोडवण्यास बोलावले असता ती बाकांच्या रांगेतून इतक्या सावकाश निघाली की कोणीतरी हळूच म्हणाले, "गोगलगाय!" वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचे खरे नाव हजेरीच्या पटावर तेवढे उरले.

तिने घरी हे कोणास सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते? मारले नव्हते, काही हिसकावले नव्हते. एक शब्द काय तो उच्चारला होता, आणि तोही शिवी नव्हे. तरीही ती वर्गात हळूहळू अजिबात बोलेनाशी झाली.

तिचे आजोबा इंग्रजीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती. परंतु घरातील कपाटात शब्दकोशांची रांग अजून उभी होती आणि संध्याकाळी कोणता ना कोणता कोश त्यांच्या मांडीवर उघडा असे. एका संध्याकाळी पावसाने दिवे गेले. कंदिलाच्या उजेडात ती आजोबांजवळ येऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली,

"आजोबा, गोगलगायीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"स्नेल."

"इंग्रजीत तो चांगला शब्द आहे की वाईट?"

आजोबा थबकले. आयुष्यभर त्यांनी मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले होते, स्पेलिंगे घोकून घेतली होती, वाक्यात उपयोग करवून घेतले होते. परंतु शब्द चांगला की वाईट, असे आजवर त्यांना कोणी विचारले नव्हते.

"शब्द फार जुना आहे," ते म्हणाले. "स्नेल आणि सापाला इंग्रजीत जे म्हणतात तो स्नेक, हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. त्या मुळाचा अर्थ सरपटणे. आपल्याकडेही पाहा, संस्कृतात सृप् म्हणजे सरपटणे. त्यावरून सर्प झाला. म्हणजे इंग्रजांच्या शब्दात गोगलगाय ही सापाची धाकटी बहीणच आहे. आपल्या लोकांनी मात्र तिच्या डोक्यावरची शिंगे पाहिली, गरीब चाल पाहिली, आणि तिला गाईच्या कळपात नेऊन बसवले."

मुलीला हे आवडले. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नव्हते. ते आजोबांनाही जाणवत होते. ते खरे तेच सांगू लागले. इंग्रजीत एखादे काम फार रेंगाळले की ते गोगलगायीच्या चालीने चालले आहे असे म्हणतात. संगणकावरून क्षणात पत्रे जाऊ लागल्यावर पोस्टाने जाणाऱ्या पत्रांना लोक 'स्नेल मेल', म्हणजे गोगलगायीची डाक, असे म्हणू लागले. (ज्या पोस्टाने एके काळी सांडणीस्वारांना आणि जासुदांना मागे टाकले, त्याच्या नशिबी अखेर हे नाव आले!) शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकात माणसाच्या आयुष्याचे सात टप्पे वर्णिले आहेत, त्यातला शाळकरी मुलगा दप्तर घेऊन नाखुशीने शाळेकडे निघतो, तोही गोगलगायीसारखाच. खर्चाला आळा घालणे किंवा एखाद्या धाडसातून माघार घेणे याला इंग्रजीत 'शिंगे आत ओढणे' म्हणतात. ती शिंगे बैलाची नव्हेत, गोगलगायीची. बैलाला काही शिंगे आत ओढता येत नाहीत. मराठीत म्हातारपणी पोरकटपणा करणाऱ्याला शिंगे मोडून वासरांत शिरावे लागते. गोगलगायीला मोडण्याची गरजच नाही. हिंदीत तर मूर्ख माणसाला सरळ 'घोंघाबसंत' म्हणतात, आणि घोंघा म्हणजे गोगलगाय.

"म्हणजे सगळीकडे वाईटच," मुलगी म्हणाली.

"थांब," आजोबा म्हणाले. "तुझ्या कानात किती गोगलगायी आहेत, ठाऊक आहे?"

तिने दचकून कानाला हात लावला.

"एकेका कानात एकेक. कानाच्या अगदी आत, हाडाच्या पोकळीत, एक लहानशी नळी आहे. ती शंखासारखी सुमारे अडीच वेढे घेऊन वळलेली आहे आणि तिच्यात द्रव भरलेला आहे. बाहेरचा आवाज पडद्यावर आदळतो, तीन चिमुकल्या हाडांतून पुढे जातो आणि या नळीतला द्रव हलवतो. तेथले ज्ञानतंतू ती हालचाल मेंदूला कळवतात, तेव्हा आपण ऐकतो. डॉक्टर त्या नळीला कॉक्लिया म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गोगलगाय, तिचा शंख. ती नसती तर तुला माझे बोलणे ऐकू आले नसते."

मुलीने बराच वेळ विचार केला. मग ती म्हणाली, "ज्याने मला गोगलगाय म्हटले, त्याच्याही कानात आहे?"

तेव्हा कोठे आजोबांना कळले की, ही चौकशी शब्दाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तिच्याबरोबर भिंतीपाशी गेले. त्यांनी एक गोगलगाय अलगद उचलून, जुन्या फोटोच्या चौकटीतून काढलेल्या काचेच्या तुकड्यावर ठेवली. प्रथम ती शंखात शिरून गप्प बसली. काही वेळाने शंखाच्या तोंडाशी ओलसर, मऊ अंग दिसू लागले. मग शिंगे बाहेर आली: वरची दोन लांब, खालची दोन आखूड. वरच्या शिंगांच्या टोकांवर मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असे काळे ठिपके होते. ते तिचे डोळे. ती चालू लागताच आजोबांनी काच वर उचलून धरली आणि नातीला खालून पाहावयास सांगितले.

काचेतून गोगलगायीचे तळवे दिसत होते. तळवे कसले, एकच तळवा! सगळे पोट म्हणजे एक पाऊल होते आणि त्या पावलातून शेपटीकडून डोक्याकडे अंधूक लाटा एकीमागून एक सरकत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर ती तसूभरही नव्हे, केसभर पुढे जाई. अंगातून पाझरणाऱ्या चिकट रसाचा गालिचा ती आपला आपणच अंथरी आणि त्यावरून चाले. या गालिच्यामुळे गोगलगाय वस्तऱ्याच्या धारेवरूनही न कापता जाऊ शकते.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" मुलगी एकदम म्हणाली.

ही म्हण मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. दिसावयास गरीब, पण आतून कावेबाज, अशा माणसाला ती लावतात. पाय असून ते लपवून ठेवणारा प्राणी म्हणजे लबाडच, असा त्यामागचा आरोप आहे. परंतु आरोप बाजूला ठेवला तर ती म्हण म्हणजे एक अचूक निरीक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने अशा प्राण्यांचा एक वेगळा वर्ग केला आणि ग्रीक शब्द जोडून त्याला 'गॅस्ट्रोपोडा' असे नाव दिले. मराठी शास्त्रग्रंथांत त्यालाच 'उदरपाद' म्हणतात. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय! पॅरिसमध्ये बसून त्या थोर विद्वानाने जे नाव शोधले, ते आपल्याकडे घरोघरी म्हाताऱ्याकोताऱ्या बायांच्या तोंडी होतेच. त्यांनी ते शास्त्रासाठी नव्हे, शेजारणीला टोमणा मारण्यासाठी वापरले, एवढाच काय तो फरक.

मुलीने पुढचे आठ दिवस त्या भिंतीवरच काढले, म्हटले तरी चालेल. गोगलगाय साधारणपणे सेकंदाला एक मिलिमीटर चालते, असे आजोबांनी पुस्तकात पाहून सांगितले. तिने हिशेब मांडला. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख मिलिमीटर. तेव्हा एक किलोमीटर जाण्यास दहा लाख सेकंद, म्हणजे न थांबता साडेअकरा दिवस लागतील. शाळा घरापासून दीड किलोमीटर होती. "सतरा दिवस," ती म्हणाली, "पण पोहोचेल."

"उन्हाळ्यात त्या कोठे जातात?" हा तिचा पुढचा प्रश्न. कोठेच जात नाहीत. भेगेत, दगडाखाली, मातीत त्या शंखाच्या आत शिरतात आणि त्याच्या तोंडावर रसाचा पातळ पडदा धरून झोपी जातात. पावसाची ओल लागेपर्यंत उठत नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एकदा मोठी गंमत झाली. इजिप्तच्या वाळवंटातून आणलेला एक शंख मेलेला समजून मार्च १८४६ मध्ये त्यांनी एका पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला, खाली नाव लिहिले आणि कपाटात मांडून ठेवला. चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये, कोणाला तरी त्या शंखाच्या तोंडाशी ताजा पडदा दिसला. शंख सोडवून कोमट पाण्यात ठेवला, तो काय! गोगलगाय बाहेर आली आणि हिंडू लागली. ही गोष्ट मुलीने आजोबांकडून तीन वेळा ऐकली.

याच सुमारास घरातील लंबकाचे घड्याळ बिघडले. काटे बरोबर चालत. परंतु ठोके भलतेच पडत. सात वाजता पाच, दहा वाजता आठ. आजोबा ते पिशवीत घालून बाजारातील घड्याळजीकडे घेऊन गेले. नात बरोबर होती. घड्याळजी पन्नाशीकडे झुकलेला, मितभाषी माणूस होता. डोळ्याला भिंग लावून त्याने तबकडी काढली आणि मुलगी उत्सुकतेने पाहते आहे असे दिसताच घड्याळ तिच्याकडे वळवले.

काट्यांच्या मागे एक पितळी चकती होती. तिची कड गोल नव्हती. बारा पायऱ्या उतरत ती आत आत वळत गेली होती, हुबेहूब शंखाच्या वेढ्यासारखी. तास भरला की एक दातेरी पट्टी सुटते आणि तिचे शेपूट या चकतीवर येऊन टेकते, हे घड्याळजीने बोटाने हलवून दाखवले. एकाच्या पायरीवर टेकले तर पट्टी जेमतेम एक दाता खाली येते, म्हणून एकच ठोका पडतो. बाराच्या पायरीवर टेकले तर ती पार खोल उतरते आणि बारा ठोके पडतात. चकती जरा सैल होऊन फिरली होती, म्हणून हिशेब चुकत होता. ही योजना १६७६ च्या सुमारास इंग्लंडात एडवर्ड बार्लो याने काढली. त्यापूर्वीची घड्याळे काट्यांकडे न पाहता आपापले ठोके मोजीत जात, आणि एकदा चुकली की चुकतच राहत.

"ही चकती बारा तासांत एकच फेरा करते," घड्याळजी म्हणाला. "सगळ्यांत सावकाश हीच. पण किती वाजले ते हिलाच ठाऊक असते." मग तो थोडा थांबला आणि चकतीकडेच पाहत म्हणाला, "इंग्रजी पुस्तकात हिला 'स्नेल' म्हणतात, सर."

आजोबा काही बोलले नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत ते दुकानाच्या फळीवर बसून राहिले. घड्याळजी पैसे घेईना, तेव्हा त्यांनी ते गल्ल्यावर ठेवले. परत येताना पाऊस भुरभुरत होता.

"ते तुम्हाला सर का म्हणाले?" मुलीने विचारले.

"माझा विद्यार्थी आहे तो. फळ्यावरचे उतरवून घेण्यास त्याला फार वेळ लागे. अक्षर मात्र मोत्यासारखे." दहा-पंधरा पावले गेल्यावर आजोबा म्हणाले, "एकदा मी त्याला वर्गात म्हणालो होतो, 'झाले का, मिस्टर स्नेल?' एकदाच."

"मग वर्ग हसला?"

"हसला."

"आणि मग?"

"शाळा सोडीपर्यंत मुले त्याला त्याच नावाने हाक मारीत. मी विसरून गेलो होतो."

मुलगी काही बोलली नाही. रस्ता निसरडा झाला होता. तिने आजोबांचा हात धरला.

त्याच आठवड्यात लातूर जिल्ह्यातून मामाचा फोन आला. मामाने पहिल्या पावसावर सोयाबीन पेरले होते. उगवण चांगली झाली होती. दोन-दोन पानांची रोपे मातीतून वर आली आणि एका रात्रीत ओळीच्या ओळी नाहीशा झाल्या. शेतात पाऊल ठेवावे तेथे गोगलगायी होत्या. आई लेकीला घेऊन चार दिवसांसाठी माहेरी गेली.

मुलीने मनात देऊळगावच्या भिंतीवरच्या गोगलगायी धरल्या होत्या. या गोगलगायी त्या नव्हेत. यांचे शंख टोकदार, तपकिरी पट्ट्यांचे, आणि मोठ्या झालेल्यांचे तर मुठीत न मावणारे होते. यांना शेतकरी शंखी गोगलगाय म्हणतात. दिवसा त्या बांधाच्या गवतात, दगडांखाली लपून बसतात. अंधार पडला की बाहेर येऊन कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतात. एकेक गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. पोटातला पाय काय करू शकतो, हे मामाच्या शेतात दिसत होते.

रात्री सारे घर शेतात उतरले. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, कारण या गोगलगायींच्या अंगावर रोगाचे जंतू असू शकतात आणि त्या उघड्या हाताने उचलू नयेत. बांधाकडेने गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे पसरली होती. वासाने गोगलगायी त्यांखाली गोळा होत. बांधावर चुन्याची रेघ ओढली होती. आणि मिठाच्या पाण्याने भरलेल्या बादल्या ठेवल्या होत्या. मुलीला बॅटरी धरावयास सांगितले होते. बांधावर विषारी गोळ्यांची एक पुडी होती, तिच्यावर उजेड पडला. पुडीवर इंग्रजी अक्षरे होती. तिने ती सावकाश जुळवली. त्यांत 'स्नेल' हा शब्द होता.

तिच्या पायाशी एक गोगलगाय होती. उजेड पडताच तिने शिंगे आत ओढली. वरची दोन आधी, मग खालची.

"टाक, बाळ, बादलीत," मामा म्हणाला.

तिने मामाच्या तोंडाकडे पाहिले. दुसऱ्या पेरणीचे बियाणे मामाने उसनवारीने आणले होते, हे दुपारी मामी आईला हळू आवाजात सांगत असताना तिने ऐकले होते.

"मामा, तुम्हाला त्यांचा राग येतो?"

मामा कंबर सरळ करून उभा राहिला. "रागावून काय करू? त्यांनाही पोट आहे. पण मलाही आहे ना!"

तिने गोगलगाय उचलली आणि बादलीत टाकली. मग दुसरी. त्या रात्री तिने किती उचलल्या, ते तिने मोजले नाही. मात्र एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. इतर माणसे भराभर पुढे जात, आणि त्यांच्या मागून येताना तिला पानाआड, ढेकळाखाली, रोपाच्या बुंध्याशी राहून गेलेल्या गोगलगायी सापडत. दुसऱ्या रात्री मामाने बॅटरी दुसऱ्याकडे दिली आणि तिला सर्वांच्या मागे ठेवले. तिसऱ्या रात्रीही तसेच. दोन ओळींतली रोपे सकाळी उभी होती. बाकीचे पुन्हा पेरावे लागले.

अशी हानी एकट्या मामाची नव्हती. त्या वर्षी लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचा इतका फडशा पाडला की राज्य शासनाला त्या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली. ओला पाला, गवताने भरलेले बांध आणि लांबलेली रिपरिप यांनी त्यांचे फावले होते.

परत आल्यावर मुलगी आजोबांना म्हणाली, "तुम्ही मला अर्धेच सांगितले होते."

आजोबांनी ते कबूल केले आणि उरलेले अर्धे पुस्तकातून शोधून काढले. शंखी गोगलगाय मूळची आपल्या देशातली नव्हेच. ती पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला शंख-शिंपल्यांचा मोठा नाद होता. त्याने १८४७ साली मॉरिशसहून ही गोगलगाय आणली आणि कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. तेथून ती हिंदुस्थानभर पसरत गेली. बहुतेक मजल तिने माणसांच्याच पाठीवरून मारली: रोपांच्या कुंड्यांतून, मातीतून, मालाच्या पेट्यांतून.

"म्हणजे ती स्वतः नाही आली," मुलगी म्हणाली.

"नाही. तिला आणले."

श्रावण लागला. एके दिवशी मराठीच्या तासाला बाईंनी फळ्यावर म्हणी लिहिल्या. पाचवी म्हण 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही होती. बाईंना वर्गातले ते नाव ठाऊक नसावे, त्यांनी सहज विचारले, "हिचा अर्थ कोण सांगेल?" सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. मागच्या बाकावर खसखस पिकली.

मुलगी उभी राहिली. नेहमीप्रमाणे शब्द ओठांशी येण्यास वेळ लागला. बाई थांबल्या. खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या, त्यांचा आवाज वर्गात ऐकू येऊ लागला.

"म्हणीचा अर्थ," ती म्हणाली, "वरून गरीब आणि आतून लबाड." येथे ती थांबली. हसू पुन्हा उमटणार, तोच ती पुढे म्हणाली, "पण बाई, पाय खरेच पोटात असतो. मी काचेखालून पाहिला आहे."

मग तिने लाटा कशा सरकतात ते तळहात हलवून दाखवले. कानातल्या नळीविषयी सांगितले, तेव्हा साऱ्या वर्गाचे हात कानांकडे गेले. लंडनच्या पुठ्ठ्यावरची गोगलगाय पाण्यात घातली तेथवर ती आली, आणि नंतर मामाच्या शेतावर गेली. रात्र, बॅटरी, बादल्या, गुळाच्या पाण्यातली गोणपाटे. ती सावकाशच बोलत होती. मध्येच थांबे, शब्द शोधी, आणि सापडला की पुढे जाई. कोणी तिच्याऐवजी तो शब्द सांगितला नाही, कारण पुढचा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता.

"...आणि तिसऱ्या रात्री आम्ही शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो," ती सांगत असतानाच घंटा झाली. बाईंनी पुस्तक मिटले. मुले एरवी घंटा होताच दप्तरांवर तुटून पडत.

मागच्या बाकावरून त्याच मुलाचा आवाज आला, "मग? पुढे काय झाले?"